बर्फासाठी सोडलेला कागद

कस्तुरीचा ठिपका सकाळपासून मार्लबरोच्या हाय स्ट्रीटवरच्या एका कॅफेत होता, म्हणून त्या शनिवारी मी निवांत होते. ठिपका म्हणजे फोनमधल्या नकाशावर दिसतो तो निळा गोल. तिचा फोन जिथे असेल तिथे तो असतो. कस्तुरी माझी मुलगी. सत्तावीस वर्षांची आहे, स्लाऊला तनू नावाच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते, तरी माझ्यासाठी तिनं तो ठिपका चालू ठेवला आहे. त्यावरून आमचा रीतसर तह झालेला आहे. ठिपका हलत असेल तर मी फोन करायचा नाही. ऑफिसात, दुकानात, लायब्ररीत थांबला असेल तरी नाही. उघड्यावर कुठेतरी थांबला आणि हलेनाच, तर करायचा.

आमच्या बेसिंगस्टोकच्या घरासमोर दुपारपासून बर्फ पडत होता. शेजारच्यांच्या गाडीचा रंग आधी दिसेनासा झाला, मग गाडीच. मी फोन पाहिला. ठिपका कॅफेत.

"सूप पीत बसली असेल," मी परीक्षितला म्हटलं. परीक्षित माझा नवरा.

"बघ. पोरगी शहाणी आहे. तूच उगाच जीव टांगून बसतेस."

ती त्या हवेत मार्लबरोला का गेली होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कस्तुरी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वेअरहाउसमध्ये ट्रान्सपोर्ट प्लॅनर आहे. कुठल्या व्हॅननं कुठला रस्ता घ्यायचा, वाऱ्यामुळे पूल बंद असेल तर कुठून वळायचं, हे ती ठरवते. तिच्या एका स्क्रीनवर गाड्या असतात आणि दुसऱ्यावर दिवसभर हवामानाचा नकाशा. कुणी तिची ओळख आर्टिस्ट म्हणून करून दिली की ती लगेच दुरुस्त करते, "मी प्लॅनर आहे. वीकेंडला छापते."

छापते ती लाकडाच्या ठशांनी, जपानी पद्धतीनं. हे वेड चौदाव्या वर्षी लागलं. शाळेची ट्रिप ब्रिस्टलला गेली होती. एका म्युझियममध्ये जुनी जपानी चित्रं लावली होती. बाकीची मुलं गिफ्ट शॉपमध्ये पळाली आणि ही एका चित्रासमोर उभी राहिली ती शाळेच्या बाई शोधत येईपर्यंत. घरी आल्यावर कोटही न काढता मला म्हणाली, "आई, तिथे पाऊस लाइन्सनी केलाय. बारीक बारीक. लाकडात कोरली आहे ती पाऊस! आणि माणसं पळतायत, आणि त्यांचे छत्री वाकडे झालेत."

तिचं मराठी असंच आहे. पण माझ्याशी ती हट्टानं मराठीच बोलते, म्हणून मी मध्ये पडत नाही.

मग लायब्ररीतून पुस्तकं आली. जपानात दोन मोठ्या शहरांना जोडणारा एक जुना रस्ता होता, आणि दोनेकशे वर्षांपूर्वी तिथल्या चित्रकारांनी त्यावरच्या मुक्कामांची चित्रं ओळीनं काढली होती. मला वाटलं, देवळं असतील, किल्ले असतील. तीही होती, पण खरी गंमत हवेची होती. एका मुक्कामाला अचानक सर आलेली, डोलीवाले उतारावरून धावत सुटलेले. दुसरीकडे धुकं, आणि त्यात झाडं नुसत्या करड्या सावल्या. कुठे गवताच्या इरल्यात कमरेत वाकून बर्फातून चाललेले प्रवासी. चित्रातली माणसं कुठून तरी निघालेली असायची आणि अजून पोचलेली नसायची. मला ती चित्रं आवडायची नाहीत. कुणाचीही आई असली की तिला अशी चित्रं आवडत नसणार.

पुढे ब्रिस्टलला शनिवारचे क्लास करून ती ही कला शिकली. आणि मग तिनं स्वतःचा रस्ता शोधला. तिच्या ऑफिसच्या जवळूनच ए-फोर जातो. लंडनहून बाथला जाणारा जुना घोडागाड्यांचा रस्ता. स्लाऊ, रेडिंग, न्यूबरी, हंगरफर्ड, मार्लबरो, शेवटी बाथ, असे तिनं निवडलेले घोडे बदलायचे सहा थांबे. प्रत्येक थांब्याचं एक चित्र करायचं, आणि प्रत्येकात वेगळी हवा. नियम दोनच. ज्या हवेत स्वतः उभी राहिले नाही ती काढायची नाही. आणि माणसाशिवाय चित्र नाही.

"वारा कसा काढणार, आई? वारा दिसत नाही. माणूस दिसतो, तो कसा चालतो ते दिसतं. मी तिथे थांबते, कोणीतरी येईपर्यंत."

"मग गाडीत बसून थांब ना."

"गाडीतून हवा नाही दिसत. वायपर दिसतो."

या सगळ्यात माझ्याकडे एकच काम आहे, खळ शिजवणं. पाण्यातले रंग लाकडावर बसायला तांदळाच्या पिठाची खळ लागते, आणि सुती साड्यांना खळ घालण्यात माझी अर्धी नोकरी गेली असल्यामुळे ते मला येतं. मोठं छापकाम ती आमच्याकडेच करते, कारण आमचं डायनिंग टेबल मोठं आहे. कागद ओला करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आमच्या फ्रिजमध्ये ठेवते, कोथिंबिरीच्या वर. खळीतला रंग लाकडावर ब्रशनं फासायचा, कागद ठेवायचा, आणि बांबूच्या पानात बांधलेल्या गोल चकतीनं पाठीवर घासायचं. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, पावसाचाही वेगळा. एकदा मी विचारलं, बर्फाचा ठसा कुठला?

"बर्फ छापत नाहीत, आई. सोडतात. बाकी सगळं छापायचं, आणि जिथे बर्फ आहे तिथे कागद नुसता सोडायचा."

तर अडला होता तो बर्फच. चार चित्रं झाली होती, मार्च महिन्यात ब्रिस्टलच्या एका छोट्या लायब्ररीत सगळी मांडायची होती, आणि दक्षिण इंग्लंडमध्ये दोन हिवाळे धड बर्फ पडला नव्हता. त्या शुक्रवारी इशारा आला. कस्तुरीनं ऑफिसात बसून पश्चिमेकडच्या सगळ्या व्हॅन शनिवारपुरत्या रद्द केल्या, आणि संध्याकाळी मला फोन करून सांगितलं की ती स्वतः सकाळच्या ट्रेननं निघते आहे.

"तुझ्या ड्रायव्हरांना पाठवायची छाती होत नाही, आणि स्वतः चाललीस?"

"व्हॅन घसरते, आई. मी चालते."

"चालणारी माणसं घसरत नाहीत वाटतं!"

"दुपारनंतर पडणार आहे. पहिला बर्फ बघायचा, काढायचं, आणि अंधाराआधी परत. प्रॉमिस. दोन विंटर थांबलेय मी. बर्फ नाही तर माझा रस्ता तुटलेली राहणार."

मी म्हटलं, "ठिपका चालू ठेव."

"ठेवते," ती म्हणाली. आणि तिनं तो ठेवला.

अंधारायला लागलं तरी ठिपका कॅफेत होता. जानेवारीत लवकरच अंधारतं, पण कॅफेही लवकर बंद होतात. मला ते खटकलं. तह मोडून मी फोन केला. बराच वेळ वाजला आणि एका इंग्लिश बाईनं उचलला.

"हॅलो? इथे स्क्रीनवर 'आई' असं आलंय. तुम्ही आई का?"

मी म्हटलं, हो, मी तिची आई. ती कुठे आहे?

"मी सारा. कॅफे माझं आहे. तुमच्या मुलीनं सकाळी फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाली, इथेच राहू दे, दुपारी परत येऊन सूप घेईन. ती आलीच नाही हो. मी आता बंद करतेय, माझा नवरा न्यायला आलाय. मला वाटलं, तिला दुसरी गाडी मिळाली असेल आणि फोन विसरली असेल."

"कुठे गेली ती? काही बोलली?"

"म्हणाली, वर जाते. जिथे सगळं पांढरं असेल तिथे."

परीक्षितनं माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

साराला मी जरा थांबायला सांगितलं आणि परीक्षितच्या फोनवरून तनूला विचारलं, कस्तुरी तुझ्याशी काही बोलली का?

"नाही काकू. का? फोन उचलत नाहीये?"

"फोन कॅफेत ठेवून गेलीय."

तनू चाचरत म्हणाली, "काकू, रागावू नका. ती नेहमीच ठेवते. रेडिंगला लायब्ररीत ठेवला होता, न्यूबरीला एका सलूनमध्ये. ती उभी राहून काढत असते ना, तेव्हा तुमचा फोन येतो. ग्लव्ह काढावा लागतो, माणूस निघून जातो. आणि तुम्ही काळजी करत बसता ते तिला बघवत नाही. म्हणून फोन उबदार जागी ठेवते, म्हणजे तुम्ही पण निवांत."

न्यूबरीच्या त्या दिवशी मी परीक्षितला म्हटल्याचं मला आठवत होतं, बरं झालं, जरा केस तरी कापून घेतेय.

परीक्षितनं पोलिसांना फोन लावला. कोटाचा रंग, उंची, काही औषधं घेते का, डोंगर चढायची सवय आहे का. गडद हिरवा कोट, नाही, नाही. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती. 'वर जाते' हे त्यांनी पकडलं. मार्लबरोच्या वर उघड्या टेकड्या आहेत, त्यांच्या माथ्यावरून पायवाट जाते, तिथून दूरवर दिसतं. चित्र काढणारी मुलगी तिथेच गेली असणार. शोधपथक पायवाटेकडे निघतंय, पण वर वारा फार आहे आणि दिसत काही नाही, वेळ लागेल.

मी वर तिच्या जुन्या खोलीत गेले. तिचा एखादा फोटो पोलिसांना पाठवायचा होता. कपाटाच्या दारांवर तिनं ती चार चित्रं चिमट्यांनी लावली आहेत, वाळत घातल्यासारखी. फोटो शोधायचा सोडून मी त्यांच्यासमोरच उभी राहिले.

स्लाऊच्या चित्रात सर आली आहे, आणि पिवळ्या जाकिटातली माणसं डोक्यावर पुठ्ठे धरून वेअरहाउसकडे धावताहेत. रेडिंगमध्ये वारा आहे. एका बाईची पिशवी फुग्यासारखी फुगली आहे आणि बाई तिच्यामागे ओढली जाते आहे. न्यूबरीत धुकं, सायकलवाल्याचा फक्त दिवा आणि गुडघे. हंगरफर्डला संध्याकाळचा संथ पाऊस आणि कुत्र्याला कोटात घेतलेला म्हातारा. चारही चित्रांत माणसं अगदी जवळ. एकही चित्र उंचावरून काढलेलं नाही.

आणि चारही चित्रांच्या वरच्या कडेला एक काळा पट्टा आहे. परीक्षित नेहमी म्हणायचा, तेवढा पट्टा काप, फ्रेममध्ये छान बसेल. त्यावर ती हसून म्हणायची, "तो पट्टा कापू नका, बाबा. तो पट्टा म्हणजे मी आहे."

आम्ही कधी विचारलं नव्हतं, म्हणजे काय. त्या दिवशी मी दिवा लावून जवळून पाहिलं. स्लाऊच्या पट्ट्याला खाली पन्हळ होती, तिच्यातून एक थेंब सुटलेला. रेडिंगचा पट्टा उजव्या कोपऱ्यात संपत होता, आणि तिथे पेट्रोल पंपाच्या छताखाली असतो तसा लांबट दिवा होता. न्यूबरीचा कमानीसारखा वाकलेला, म्हणजे पुलाखालून. हंगरफर्डच्या पट्ट्याला बसच्या वेळापत्रकाची चौकट लटकत होती.

ती छपरं होती. ज्या छपराखाली ती उभी होती त्याची कड. ती कधीच उघड्यावर उभी राहिली नव्हती. रस्त्याकडे तोंड असलेल्या आडोशाला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहत होती.

मी जिन्यातूनच ओरडले, "परीक्षित, ती टेकडीवर नाहीये! टेकडीवर माणसं नसतात!"

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी त्या बाईला सांगितलं, ती ए-फोरवर आहे, रस्त्याच्या कडेला, कुठल्या तरी छपराखाली.

"तिनं तसं सांगितलं होतं का?"

"नाही. तिच्या चित्रांत तसं आहे."

"मी नोंद करते," ती बाई म्हणाली. "पण मार्लबरोच्या पुढे ए-फोर दोन्ही बाजूंनी बंद आहे. पुढच्या काल्न गावाच्या आधीच्या चढावर ट्रक आडवा झालाय. टीम आधी टेकडी बघेल, मग खाली येईल."

आधी टेकडी. मी पायात बूट घातले. परीक्षितनं गाडीवरचा बर्फ हातानंच लोटला. न्यूबरीपर्यंत कसे पोचलो ते मला नीट आठवत नाही, फक्त तो स्टिअरिंगला छाती टेकवून बसला होता आणि मी प्रत्येक वळणावर "हळू" म्हणत होते. न्यूबरीच्या पुढे गाड्यांची रांग थांबलेली. रस्त्यावर पिवळा दिवा फिरत होता आणि एक पोलीस प्रत्येक गाडीजवळ जाऊन मान हलवत होता. पुढे जाता येणार नव्हतं.

मी पुन्हा कस्तुरीच्याच नंबरवर फोन केला. सारानं लगेच उचलला. ती कॅफे बंद करून आतच बसली होती.

"मला तुमचा फोन येईल असं वाटलंच होतं," ती म्हणाली.

मी तिला छपरांचं सांगितलं. परक्या बाईला इंग्रजीतून ते समजावताना मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. पण ती मध्ये बोलली नाही. मग तिनं फोन बाजूला धरून नवऱ्याला विचारलं, "काल्नच्या रस्त्याला बसच्या शेड किती आहेत रे?"

मागून पुरुषाचा आवाज आला. मेंढ्या पाळणारा माणूस होता तो, त्याच्याकडे लँड रोव्हर होती. गावाच्या टोकाला एक, पुढच्या खेड्यात दोन, आणि अगदी वर उघड्या माळावर एक जुनी लाकडी.

"वर?" मी विचारलं.

"वर," सारा म्हणाली. "आम्ही जाऊन बघतो. त्या रस्त्यावर मेंढ्यांना चारा टाकायला त्याला सोडतात. तुमच्या मुलीचा फोन माझ्याजवळच ठेवते. रेंज मिळेल तिथून सांगते."

मी नकाशा उघडला. कस्तुरीचा ठिपका, जो दिवसभर हलला नव्हता, तो हलला. ती त्यात नव्हती. मला ते पक्कं माहीत होतं, तरीही माझे डोळे भरून आले.

ठिपका गावाबाहेर पडला आणि थांबला. पहिली शेड. पुन्हा निघाला. म्हणजे तिथे नाही. खेड्यात थांबला, लगेच निघाला, पुन्हा थांबला. या वेळी जरा जास्त वेळ. मी परीक्षितचा हात धरला. निघाला. तिथेही नाही. मग तो माळाच्या चढाला लागला, आणि तिथे रेंज नव्हती. ठिपका करडा झाला आणि जागच्या जागी राहिला.

"छपराचं माझं चुकलं असेल तर?" मी म्हटलं.

एरवी परीक्षित अशा वेळी मला शहाणपण शिकवतो. त्या दिवशी त्यानं हीटर वाढवला, मग कमी केला, मग पुन्हा वाढवला. समोरच्या गाडीतलं लहान मूल मागच्या काचेवर बोटानं चित्र काढत होतं. टेकडीवरच्या टीमकडून काही निरोप नव्हता. मला राहून राहून त्या जपानी चित्रातले कमरेत वाकलेले प्रवासी दिसत होते, निघालेले आणि न पोचलेले. माझा फोन मांडीवर होता आणि मी त्याच्यावरून अंगठा फिरवत होते, म्हणजे स्क्रीन झोपू नये.

ठिपका निळा झाला. खाली येत होता. न थांबता येत होता.

फोन वाजला. स्क्रीनवर तिचं नाव.

"आई," कस्तुरी म्हणाली. दात वाजत होते. "आई, मी आहे. मला काही नाही झालं. त्यांना आधी हॉस्पिटलला न्यायचंय."

"कुणाला?"

"मिस्टर पॉकॉकना," ती म्हणाली, जणू मी त्यांना ओळखत असावी.

बाकीचं दुसऱ्या दिवशी आमच्या सोफ्यावर, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून तिनं सांगितलं. ती सकाळच्या बसनं वर त्या लाकडी शेडपर्यंत गेली होती. बर्फ अंदाजाच्या आधीच सुरू झाला. तिला हवं होतं तसं सगळं पांढरं झालं, आणि माणसाची वाट पाहत ती थांबली. आला तो एक ऐंशी वर्षांचा म्हातारा, काल्नच्या बससाठी, शेतापलीकडच्या आपल्या घरातून चालत. संध्याकाळी तिथल्या पबमध्ये त्याची स्किटल्सची मॅच होती, लाकडाचा गोळा टाकून नऊ खुंट्या पाडायची. तीस वर्षांत त्यानं टीमला कधी दगा दिला नव्हता. कस्तुरीनं त्याला येताना कागदावर काढलं. शेडच्या पायरीवर तो घसरला आणि त्याचा पाय मुरगळला, का मोडला. बस आली नाही. गाड्या येईनाशा झाल्या. त्याच्याकडे मोबाइल नव्हता, आणि हिचा खाली कॅफेत उबेला बसला होता.

"मग चालत खाली यायचं ना, मदत आणायला!"

"गेले ना, आई. थोडी गेले. मग मागे बघितलं तर शेडच दिसेना. परत सापडली नसती तर? ते एकटे होते. थंडीनं त्यांना झोप येत होती. मी परत गेले आणि त्यांच्याशी बोलत राहिले. स्किटल्सचे सगळे रूल्स येतात मला आता."

"आणि थंडी?"

ज्या कागदावर छापते त्याच कागदावर ती जागेवरची कच्ची चित्रंही काढते. लांब धाग्यांचा जपानी कागद, मऊ, पण सहजासहजी न फाटणारा. त्याचा जाड गठ्ठा तिच्या बॅगेत प्लॅस्टिकमध्ये होता. तिनं तो सगळा मिस्टर पॉकॉकच्या स्वेटरच्या आत भरला, छातीवर, पाठीवर, बाह्यांत, आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. त्यात कोरे कागद होते आणि त्या दिवशीची चित्रंही होती. दोन हिवाळे वाट पाहून काढलेला बर्फ.

"ते म्हणाले, मी आता फिश अँड चिप्ससारखा दिसत असेन," कस्तुरी म्हणाली आणि रडायला लागली. परीक्षित उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ चहा करत राहिला.

मिस्टर पॉकॉकचा पाय मोडलाच होता. ते वाचले. हॉस्पिटलच्या डॉक्टरनं कागदाबद्दल काय म्हटलं ते सारानं मला सांगितलं, पण मी ते इथे लिहीत नाही, कस्तुरीला आवडायचं नाही. फेब्रुवारीत पावाच्या मोठ्या पिशवीत घालून तो गठ्ठा त्यांनी कॅफेत पाठवला. चित्रांची शाई घामानं आणि ओलीनं पसरली होती, ती गेली. पण कोरे कागद त्यांनी चुलीपाशी एकेक करून वाळवले होते. त्यांच्यावर सुरकुत्या होत्या, स्वेटरच्या वेणीच्या विणीचे उठाव होते.

काल तिनं आमच्या टेबलावर, त्यातल्याच एका कागदावर, मार्लबरोचा थांबा छापला. मी खळ शिजवली. काळा पट्टा, त्याच्याखाली संध्याकाळचा निळा, तो हातानं पुसत पुसत फिका केलेला, रस्त्याच्या दोन करड्या रेषा, आणि अगदी लांब दोन पिवळे ठिपके, लँड रोव्हरचे. बाकी सगळा बर्फ. म्हणजे काही नाही, कागद.

"इस्त्री तरी फिरवायचीस आधी," परीक्षित म्हणाला. "बघ, सगळ्या वळ्या दिसताहेत बर्फात."

"नको," मी आणि ती एकदमच म्हणालो.

"पण तुझा नियम?" त्यानं विचारलं. "यात माणूस कुठे आहे?"

कस्तुरीनं कागद उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पट्ट्याच्या खाली, बर्फाच्या मधोमध, वेणीच्या विणीचा अख्खा खांदा उमटलेला होता.

आता ती वर झोपली आहे. उद्या पहाटे बाथला जाते, वादळ काढायला, शेवटचा थांबा. फोन खिशातच ठेवणार आहे, असं तिनं स्वतःहून सांगितलं. आणि मी ठिपक्यावरून फोन करायचा नाही, त्याऐवजी निघण्याआधी ती मला छप्पर सांगणार, असा नवा तह झाला आहे. उद्याचं छप्पर नदीवरच्या पुलाच्या टोकाशी आहे, एका बंद पडलेल्या दुकानाचं. वाऱ्याचा इशारा पिवळ्याचा नारिंगी झालाय, हे मी आत्ताच पाहिलं.

ते छप्पर पत्र्याचं आहे का, हे मी विचारलेलं नाही. सकाळी विचारीन.